असईचा उतार

असईची लढाई आपण हरलो, याचं खरं दुःख सबंध मराठवाड्यात एकाच माणसाला झालं होतं आणि तो माणूस उदगीरला आमच्या शेजारी राहत होता. पावणेदोनशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी तिथे मराठ्यांना हरवलं, हे बाकीच्यांनी शाळेत पाठ केलं आणि परीक्षेनंतर सोडून दिलं. मोजणी खात्यातल्या आमच्या शेजारच्या काकांना मात्र ते अजून मान्य नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला ते त्या भागात जमीन मोजायला गेले होते. तेव्हापासून त्यांचं ठाम मत होतं की आपल्या छावणीत एक, फक्त एक मोजणीदार असता तर निकाल फिरला असता. "नदीला उतार हाय, पायी पलीकडं येता येतंय, हे इंग्रजानं हेरलं आन् आपण तिथं पहारा ठेवला न्हाई. हितंच घोळ झाला," असं ते दूधवाल्यालाही थांबवून सांगत.

हा घोळ निस्तरण्यासाठी त्यांनी स्वयंपाकघराचं दार बिजागऱ्यांतून काढून दोन स्टुलांवर आडवं टाकलं होतं. ती रणभूमी. नदी खडूची, गावं काड्यापेट्यांची. दुष्काळाने गावाबाहेरचं तळं तळापर्यंत आटलं, तेव्हा लोक गाळ शेतात टाकायला नेत होते. काकांनी दोन पाट्या गाळ घरी आणला आणि त्यातून करंगळीएवढे शेकडो सैनिक वळले. मराठे हळदीने रंगवले. इंग्रजांच्या लाल डगल्यांसाठी गेरू लावून पाहिला, पण ती छटा त्यांना पटेना, म्हणून काकूंचा कुंकवाचा करंडा कामी आला. "मी टँकरच्या रांगेत हुबी, आन् हे घरात गोऱ्यायला कुकू लावून राहिलेत!" असं काकू माझ्या बायकोला सांगायला आल्या आणि सांगता सांगता स्वतःच हसत सुटल्या.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो. तेवढ्या पुराव्यावर इंग्रजांचं सेनापतिपद मला कायमचं मिळालं. पायदळ एका डावात एक वीत, घोडदळ दोन वीत, आणि तोफ लागली की नाही ते कवड्या टाकून ठरायचं. वीत माणसागणिक बदलते म्हणून काकांनी लाकडी पट्टी कापली होती. शेताची मोजणी संपेपर्यंत ते भांडणाऱ्या दोघांपैकी कुणाकडेही चहा घेत नसत, आणि तोच कायदा घरातही चाले. घर मराठ्यांचं, म्हणजे चहाही मराठ्यांचा, तो इंग्रजाला मध्येच पाजणं म्हणजे लाच! मी चार-चार तास कोरड्या घशाने साम्राज्य वाढवलं आहे. सगळ्यात कहर म्हणजे तो उतार. तो कुठे आहे हे पक्कं ठाऊक असूनही काका तिथे एक शिपाई ठेवत नसत. त्या दिवशी नव्हता, म्हणून आजही नाही. इंग्रजाला येऊ द्यायचं आणि मग हरवायचं. या हट्टापायी ते दर रविवारी माझ्याकडून हरत.

पुढे लातूर जिल्हा झाला. गावात पेढे वाटले गेले आणि काकांच्या हातात लातूरला बदलीचा हुकूम पडला. तिकडे भावाच्या घरात एक खोली मिळणार होती, तिच्यात रणभूमी मावणं शक्य नव्हतं. "जायच्या आधी एकदा जिंकायचंय सर. एकदाच," ते म्हणाले. त्यांचा तो पडलेला आवाज मला सहन झाला नाही. शेवटच्या रविवारी मी उताराकडे बघितलंच नाही, सगळी फौज सरळ तोफांच्या तोंडी नेली. दोन डावांत निम्मे लाल डगले आडवे झाले. काकू हात पुसत बघायला आल्या. काका मात्र कवड्या मुठीत धरून थांबले.

"सर, उतार मागं राहिला."

"दिसला नाही मला."

"दोन गावं समोरासमोर दिसतेत, मधी उतार असणारच. वर्ष झालं, तुमी तितनंच येताव." त्यांनी माझे पडलेले शिपाई एकेक करून उभे केले आणि मागे नेऊन ठेवले. "मला जिंकायचं हाय, लई जिंकायचं हाय. पर तुमी हारून न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मात्र मी जीव ओतून खेळलो, कारण त्यांचा मान राखायला दुसरा मार्गच उरला नव्हता. काका विजयाच्या इतके जवळ कधीच आले नव्हते. शेवटच्या तोफेला चार कवड्या उताण्या हव्या होत्या. तीन पडल्या, चौथी कडेला जाऊन पालथी झाली.

काकूंनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. मंगळवारी त्यांचं सामान जाणार होतं.

"आणखी चार रविवार मिळाले असते, तर जमलं असतं बगा सर."

"जमलं असतं, काका," मी म्हणालो, आणि या वेळी ते मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं.