एक सोनसरी द्या

दुपारी एसटी स्टँडवरच्या टपरीत जरा टेकलो होतो. पाय हल्ली लवकर भरून येतात. शेजारच्या आजीबाईंनी टपरीवाल्याला सांगितलं, "दादा, एक सोनसरी द्या. गार बघून द्या."

त्यानं फ्रीजमधून कुठल्याशा बड्या कंपनीची नारिंगी बाटली काढून दिली. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या गावात कुठल्याही थंड पेयाला सोनसरीच म्हणतात.

सोनसरी आमच्या कारखान्याची. आधी आम्ही नुसत्या लिमलेटच्या गोळ्या करायचो, मग मालकांनी हे संत्र्याचं पेय काढलं. त्याचा पाक करण्यात माझी उभी हयात गेली. पुढे कंपनी विकली. घेणाऱ्यांनी आधी गोळ्या बंद केल्या, मग सोनसरी. यंत्रं भंगारात गेली. नाव तेवढं लोकांच्या तोंडात राहिलं.

आजीबाईंनी दोन घोट घेतले आणि माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं. "सोनसरी पूर्वीसारखी नाही राहिली हो. पाणचट झालीय."

माणूस गेला की निदान त्याला नावं ठेवणं तरी थांबतं. सांगणार होतो, बाई, ती जाऊन जमाना झाला. पण एवढं सगळं सांगायचा कंटाळा आला. शिवाय ते 'पाणचट' मनाला लागलंच होतं, जणू पाक करताना मीच हात आखडला होता.

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणालो. "उद्यापासून पाक जरा घट्ट ठेवतो."