मंत्र्यांचे दौरे आणि विहिरींवरच्या मोटारी

त्या काळात शिरपूरच्या बाजूला विहिरींवरच्या विजेच्या मोटारी चोरीला जायच्या. सकाळी शेतकरी विहिरीवर गेला की त्याला कापलेली वायर आणि उखडलेले बोल्ट तेवढे सापडत. तक्रार आली की पोलीस विचार करण्यात वेळ दवडत नसत. डोंगराच्या पायथ्याला भिल्ल वस्ती होती, तिकडे जीप वळायची. वस्तीतल्या काही पुरुषांना चौकीत हजेरी लावलेली होती. रोज संध्याकाळी त्यांनी चौकीसमोर उकिडवं बसायचं, हवालदारानं नाव घेतलं की ओ द्यायची आणि घरी जायचं. ही हजेरी कोणत्या कायद्यात बसते, असं मी एकदा विचारलं.

"कायद्याचं माहीत नाही सर," हवालदार म्हणाला, "पण पहिल्यापासून आहे."

याहून भक्कम आधार आपल्याकडे फार थोड्या गोष्टींना असतो.

मी धुळ्याच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होतो. जिल्ह्याच्या पोलिसांना नवे साहेब आले होते. परदेशात कसलंसं प्रशिक्षण घेऊन परतल्यामुळे त्यांना पुराव्याचं वेड लागलेलं होतं. पोलिसांनी सवयीनं नव्हे, अभ्यासानं काम करावं, कोणत्या उपायानं गुन्हे खरंच कमी होतात ते तपासून पाहावं, असं ते म्हणत. म्हणणं बरोबर होतं. आजही बरोबर आहे, म्हणूनच पुढचं आठवलं की तोंड कडू होतं.

"प्रोफेसर, अंदाजपंचे कारभार आता बंद," ते मला म्हणाले. "हजेरीनं चोऱ्या थांबतात की नाही, तुम्ही सांगा. आकडे सांगतील ते मी करीन."

हजेरीच्या यादीतला एक माणूस पन्नाशीचा होता. वस्तीत त्याला नाना म्हणत आणि चौकीत 'ए नान्या'. नरडाण्याला तेव्हा नव्या कारखान्यांची कुंपणं पडत होती. तिथला एक ठेकेदार त्याला रात्रीचा राखणदार म्हणून ठेवायला तयार होता. पण संध्याकाळी चौकीसमोर बसणारा माणूस दिवस मावळताना नरडाण्याला पोचणार कसा? माझा अभ्यास त्याला एवढ्यापुरताच हवा होता.

"सायेबले सांगा भाऊ, मनी हजेरी तोडा," तो म्हणाला. "मी कोठडीमा व्हतू तव्हय बी मोटर गयी. मंग ती काय मनं भूत लई गयं?"

"भूतनी बी हजेरी लाई देतीन," आतून त्याची बायको म्हणाली. "जरा जपीसन बोला."

अभ्यासाची सोय मंत्र्यांनी करून ठेवली होती. कोणी मंत्री जिल्ह्यात यायचे असले की खबरदारी म्हणून यादीतले सगळे पुरुष कोठडीत जात आणि दौरा संपला की बाहेर येत. कोणत्याही संशोधकाला हेवा वाटावा असा हा प्रयोग सरकार नकळत वर्षानुवर्षं करत होतं. मी दौऱ्यांच्या तारखा चोऱ्यांच्या तारखांशेजारी मांडल्या. यादीतले आत असोत की बाहेर, मोटारी जायच्या तशाच जात होत्या. उलट दौऱ्यात थोड्या जास्तच, कारण तेव्हा सगळे पोलीस रस्त्याच्या कडेला मंत्र्यांकडे पाठ करून उभे असत. हजेरीचा चोरीशी काही संबंध दिसत नाही, असं मी साध्या मराठीत लिहून दिलं. साहेब खूश झाले.

इतके खूश की जळगावला त्यांनी परिसंवादच भरवला. झेंडूची तोरणं, पडद्यावर आकडे दाखवणारं यंत्र आणि अध्यक्षस्थानी एक सराफ, ज्यांचा गुन्ह्यांशी संबंध म्हणजे दुकानाच्या दारातला बंदूकवाला. पंख्याच्या वाऱ्यानं समई पुन्हा पुन्हा विझत होती, पण पंखा बंद करणं कोणाला सुचलं नाही. मला शाल आणि नारळ मिळाला. मग साहेबांनी माझे आकडे पडद्यावर टाकले.

"यातून काय निघतं?" त्यांनी सभागृहाला विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "यादीतले कोठडीत असताना चोऱ्या झाल्या. म्हणजे चोर यादीबाहेर आहेत. म्हणजेच आपली यादी अपुरी आहे!"

टाळ्या पडल्या. मी शाल सावरत उभा राहिलो. "साहेब, वस्तीबाहेरही माणसं राहतात. चोरीची मोटार विकत घेणारा काही डोंगरात राहत नसेल."

"मग काय सर, सगळ्या शिरपूरची हजेरी घ्यायची?" मागून एक फौजदार म्हणाला आणि सभागृह हसलं. त्या दिवसातला विचार करण्याजोगा तेवढा एकच प्रश्न होता. तो विनोद म्हणून निघून गेला.

पुढच्या महिन्यात वस्तीतल्या प्रत्येक सज्ञान पुरुषाला हजेरी लागली. 'शास्त्रीय अभ्यासाच्या आधारे' असं हुकमात लिहिलं होतं. मी साहेबांना भेटायला गेलो, तर ते दौऱ्यावर. पत्र लिहिलं, त्याला पोच आली. दरम्यान तक्रार लिहून घेण्याआधी चौकीत मोटारीची खरेदीची पावती मागू लागले. जुनी, हातोहात घेतलेली मोटार, तिची पावती कोण ठेवतो? तक्रारी कमी झाल्या, म्हणून चोऱ्या कमी झाल्या, म्हणून साहेबांना बढती मिळाली. ते पुण्याकडे गेले.

मी एका संध्याकाळी चौकीवर गेलो. रांग आता रस्त्यापर्यंत आली होती. नाना रांगेत बसला होता आणि शेजारी त्याचा मोठा मुलगा.

"याले धाडनार व्हतू नरडानाले, मना जागावर," तो म्हणाला. "ठेकेदार हो बोलना व्हता. आते हाऊ बी आठेच."

"मग ती राखणदारी कोणाला मिळाली?"

त्यानं हनुवटीनं चौकीच्या दाराकडे खूण केली. "हवालदारना सालाले."

मुलगा हसला. आकड्यांत चूक नव्हती, निष्कर्ष वेगळाच होता, असलं काहीतरी मी पुटपुटलो. नानानं ते ऐकून घेतलं, घरी आलेल्या पाहुण्याचं ऐकून घेतात तसं.

"तुमी आमनं भलंच लिखं व्हतं, माले माहीत शे," तो म्हणाला. "पन आते आमनावर काही लिखू नका, भाऊ. मना धाकला पोऱ्या अजून घरमा शे."