टकलीचे केस बघायला आलेले पाहुणे

आज सकाळी सगळ्यात आधी दारात आला तो इंदूबाईचा मुलगा मधुकर, मागे त्याची बायको हिरा, आणि मी माझ्या नातीला आतल्या खोलीत लपवलं.

मुक्ते, हसू नको, बाहेर येऊ नको. एवढंच सांगितलं.

टेबलावर पेढ्यांचा बॉक्स होता, तो पेपरखाली सारला.

पेढे कशाचे? मुक्ताचा रिपोर्ट काल साफ आला. सगळ्या गल्लीत वाटले मी. नाचायचं तेवढं राहिलं होतं.

आणि इंदूबाईला जाऊन वर्ष झालं, हे मला आज मधुकरला दारात बघून आठवलं.

इंदूबाई हरसूलकडची. कॅन्सरच्या वॉर्डात तिची खाट मुक्ताच्या शेजारी. दोघींना ब्लड कॅन्सर, दोघींचे केस गेलेले. ती मुक्ताला टकली म्हणायची, मुक्ता तिला टकलूमावशी.

मी रागावले की इंदूबाई म्हणायची, "ताई, तुमच्या डोक्यावर हायेत, तुम्ही गप बसा."

माझ्या थर्मासातला चहा प्यायची आणि वर विचारायची, "साखर स्वस्त झाली का ओ नाशकात?"

लय गोड बाई. बोलणं तेवढं तिखट.

मग तिला ताप आला. उतरेना.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, औषधांनी अंगातल्या पांढऱ्या पेशी संपल्या की हवेतली बुरशी फुप्फुसात घर करते.

आम्हाला बुरशी माहीत लोणच्यावरची. चमच्यानं वरची काढली की झालं.

इंदूबाईची थुंकी तपासली, सापडली नाही. फुप्फुसात नळी घालून बघावं तर रक्त थांबणार नाही ही भीती. सीटीत डाग दिसले तोवर उशीर झाला होता.

त्या वॉर्डात एक अभ्यास चालला होता. बुरशी आत शिरली की शरीर तिच्याशी लढायला लागतं. त्या लढाईच्या खुणा रक्तात आधी दिसतात का, ते बघायचं. इम्यून मार्कर म्हणतात, हा शब्द मुक्तानं टाइप करून दिलाय.

त्यासाठी रोजच्या सुईतच थोडं जास्त रक्त द्यायचं.

इंदूबाई म्हणाली, "घ्या. एवीतेवी टोचताच हाय."

पुढे दिवाळीनंतर मुक्ताला परत भरती केलं. तसाच ताप. एक्सरे साफ.

पण डॉक्टरीणबाईंनी तिच्या रक्तातल्या खुणा बघितल्या, त्या चढत चाललेल्या. म्हणाल्या, "नुसत्या ह्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही अजून, पण मी थांबणार नाही."

त्याच दिवशी सीटी. इवलासा डाग. औषध लगेच चालू.

पोरगी वाचली.

मी विचारलं, बाई, तुम्हाला कसं सुचलं? म्हणाल्या, "आधीच्या पेशंटांच्या रक्तानं शिकवलं, आजी."

त्यांनी नावं घेतली नाहीत. मी विचारलीही नाहीत. पण त्यात कोण असणार ते मला कळलं होतं.

म्हणून तर लपवलं मुक्ताला. ज्यांची आई गेली त्यांच्यापुढे आपलं जिवंत लेकरू कसं मिरवायचं?

हिरानं नागलीचे पापड आणि तांदूळ पुढे ठेवले. म्हणाली, "वर्षाचं कार्य कालच उरकलं, मावशी. मुक्ता कुठं हाय?"

मी म्हणाले, कॉलेजला गेलीय.

खोटंच, तोंडातून निघून गेलं.

मधुकर म्हणाला, "मग बसतो. सांजच्या गाडीनं जाऊ. बघितल्याबिगर जायचं नाय."

मी म्हणाले, अरे, एवढं काय काम?

तो खाली बघून बोलला, "आई शेवटी सारखी म्हणायची. त्या टकलीला केस आले का, तेवढं बघून ये."

मला वर बघवेना.

आतल्या खोलीचं दार मुक्तानंच उघडलं. ऐकत होती सगळं. आली आणि हिराच्या पुढ्यात खाली बसली.

हिरानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग दोन्ही हातांनी. "लय दाट आलेत गं," म्हणाली. दोघी रडल्या, आणि मुक्ताला हसूही आलं.

मधुकरनं पेपर उचलला, खालचा बॉक्स उघडला. "मावशी, हे आमच्यापासून लपवता होय?"

एक पेढा त्यानं खाल्ला. एक रुमालात बांधला. "आईच्या फोटोपुढं ठेवतो."

मला वाटलं होतं, आमचा आनंद त्यांना टोचेल. ती माणसं तोच बघायला एवढा घाट ओलांडून आली होती. तिसरीपर्यंत शिकले मी, पण हे कळायला शाळा लागते का?

इंदूबाई, केस आले गं तुझ्या टकलीला. तू सुखानं राहा. तुझ्या लेकासमोर आज मान खाली गेली माझी, तुझ्यापुढेही तशीच आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. इंदूबाईची घागर मुक्ताच्या हातानं भरायची, असं मधुकर आणि हिरा म्हणतात. दोघं तिला न्यायला आखाजीच्या आदल्या दिवशी येणार आहेत.