सुमनच्या डोक्यातला विषाणू

माझी बायको सुमन गेली, हे सांगायला मी धाकट्या भावाच्या दारात गेलो, तर त्याची बायको शांता आधी म्हणाली, "दादा, तोंडाला बांधून येऊ का?" मी म्हणलं, "येऊच नको." अन् ती खरंच आली न्हाई...

आमी शिरूर कासारकडचे. दरसाल ऊसतोडीला जायचो. मी तोडायचो, सुमन मोळ्या बांधायची अन् डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची. त्याच डोक्यात गाठ निघाली. आधी हातातून भाकरी निसटायची, मग तोंडातले शब्द निसटाय लागले. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, किरणांचा शेक झाला, तरी गाठ परत आली. तवा तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक नवीन प्रयोग हाय. विषाणूची रोग करायची ताकद काढून घ्यायची, त्याच्या अंगात एक जनुक घालायचं अन् त्याला गाठीत सोडायचं. वरून गोळ्या दिल्या की ज्या पेशीत तो शिरलाय, त्याच मरतात. खात्री न्हाई, हे पण बाईंनी सरळ सांगितलं.

सुमन हसली. "म्हंजी त्यांच्या टोळीत आपला माणूस घालायचा अन् टोळी मोडायची. घाला."

मी म्हणलं, "आपलाच माणूस फितूर झाला तर?"

"तुमी झालात का इतक्या वर्सांत? मंग त्यो कावून हुईल?"

थोडे दिवस बरे गेले. मग जलमभर माझं नाव न घेतलेली बाई चारचौघांत मला नाव घेऊन हाका मारू लागली. मला लई बरं वाटलं, म्हणलं गुण आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबा, हा गुण नाही. गाठ वाढतेय."

घरी आणली. गावात एवढंच पोचलं होतं, की सुमनच्या डोक्यात व्हायरस सोडलाय. कोरोना कुणी विसरलं नव्हतं. मी पारावर सगळ्यांसमोर बाईंना फोन लावला. "कुणाला लागत नाही," असं त्यांनी दोनदा सांगितलं. लोकांनी माना हलवल्या अन् कुणी आलं न्हाई. फडात सुमनच्या शेजारी मोळ्या बांधणारी शांता फाटकाबाहेर उभी राहायची. सुमन हाक मारायची, "ये गं शांते, वेणी घाल माजी." डोक्यावर केस कुठं होते... शांता रडायची. पण तिथूनच.

सवाष्ण गेली, तर तिला बायकांनी न्हाऊ घालायचं असतं. एकीनंही हात लावला न्हाई. मीच न्हाऊ घातलं. हिरवं लुगडं मला नेसवता येईना, नुसतं गुंडाळलं. कुंकू वाकडं लागलं. ओटी पुरुष भरत न्हाईत, मी भरली.

आता सगळे येतात. चहा पितात, लई चांगली बाई होती म्हणतात. मी ऐकून घेतो.

चुलीजवळच्या भिंतीवर तेलाचा एक डाग हाय. भाकरी झाल्या, की सुमन तिथं डोकं टेकून बसायची. परवा शांता बोलता बोलता तिथंच टेकली.

मी म्हणलं, "तिथं टेकू नको. लागंल."

ती चटकन उठली अन् पदरानं डोकं पुसत बाहेर गेली.