औटकीवाले आतोबा

आकड्यांना घाबरणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, पण आकडेच ज्याला घाबरून असावेत असा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे आमचे आतोबा. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान, हे मला दिल्लीत जन्मभर समजावून सांगावं लागलं. माझ्या मैत्रिणी त्यांना 'फूफाजी' म्हणायच्या आणि आतोबा दर वेळी न चुकता म्हणायचे, "फूफाजी म्हटलं की कोणीतरी चुलीत फुंकर घालतंय असं वाटतं. आतोबा म्हणा." मैत्रिणी लगेच म्हणायच्या, "जी, आतोबाजी!" तिथे मात्र ते हार मानत.

ते कुठल्याशा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते आणि लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये पहिल्या मजल्यावर राहत. ऑफिसात काय करत ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. घरी आणि रस्त्यात ते फक्त आकडे मोडत आणि जोडत. समोरून गाडी गेली की तिच्या नंबरातल्या चार आकड्यांचं काहीतरी करून शंभर झालेच पाहिजेत, असा त्यांचा दंडक होता. तीन, सात, नऊ, एक दिसले की तीन नि सात दहा, नऊ नि एक दहा, दहादाहे शंभर, असं पुटपुटून ते त्या गाडीकडे असे प्रसन्नपणे बघत, जणू ड्रायव्हरला पास केलं आहे. एकदा खालच्या मजल्यावरच्या भाटियाजींनी नवी गाडी घेतली आणि लाडू घेऊन वर आले. आतोबा खाली गेले, नंबर बघितला, पुन्हा बघितला, आणि सुतकी चेहरा करून म्हणाले, "भाटियाजी, गाड़ी अच्छी है, लेकिन इसका सौ नहीं बनता." बिचारे भाटियाजी! आठवडाभर त्यांनी गाडी बाहेर काढली नाही, पंडिताला पत्रिका दाखवली, बंपरला लिंबू-मिरची बांधली. मग एका कडाक्याच्या थंडीतल्या सकाळी आतोबा बनियनवर "बन गया! बन गया!" असं ओरडत जिना उतरले, आणि भाटियाजींनी दुसऱ्यांदा लाडू वाटले. आत्या शाल घेऊन त्यांच्या मागे धावली होती, ती शेवटी तिने डोक्याला हात लावून स्वतःच पांघरली.

महाराष्ट्रातून पाहुणे आले की त्यांना पानिपतला न्यायचं हा दिल्लीतल्या मराठी घरांचा कुळाचार आहे, आणि आमच्या घराण्यातले सगळे पाहुणे आतोबांच्या वाट्याला यायचे. पाहुणे स्मारकापाशी उभे राहून डोळे टिपत. आतोबाही गंभीर उभे असत, पण त्यांची नजर हायवेवरून जाणाऱ्या ट्रकांवर असे. येताना पाहुण्यांना सतरंज्या आणि खेस, म्हणजे तिकडच्या जाड सुती चादरी, घ्यायच्या असत. दुकानदाराने भाव सांगायचा अवकाश, सहा खेस, त्यावरची सूट आणि नगामागची किंमत असा सगळा हिशेब आतोबा एका दमात म्हणून दाखवत. तो ऐकायला शेजारच्या दुकानातली माणसं येत. एक म्हातारा सरदारजी तर दर खेपेला विचारायचा, "साहब, आप हमारे यहाँ गद्दी पर क्यों नहीं बैठ जाते?" आतोबांना तो सल्ला मनापासून पटायचा आणि परतीच्या बसमध्ये ते तासभर त्याचा विचार करत बसायचे.

या वेडाचं मूळ पाढ्यांत होतं. तुमचेआमचे बे ते तीसचे पाढे नव्हेत. पावकी, दीडकी, अडीचकी असले अपूर्णांकांचे पाढे, जे पणजोबांच्या पिढीबरोबर गेले अशी माझी समजूत होती, ते आतोबांना तोंडपाठ होते. त्यातही औटकी लाडकी. औट म्हणजे साडेतीन, आणि औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. हा पाढा त्यांनी आत्यालाही शिकवला होता. आत्या दिल्लीतच जन्मलेली, 'दो दूनी चार' करत वाढलेली. लग्न होऊन ती क्वार्टरमध्ये आली ते हिवाळ्याचे दिवस होते, आणि साताऱ्याकडून आलेल्या आतोबांना नव्या बायकोशी काय बोलावं हे काही केल्या सुचेना. म्हणून त्यांनी औटकी काढली. आत्या अजून सांगते, "बाकीच्यांचे नवरे बायकांना कुतुबमिनारवर नेत होते. हे मला साडेतीनच्या पाढ्यावर नेत होते."

पुढे तो त्या घरचा रिवाजच होऊन बसला. आतोबा पेपर वाचता वाचता, दाढी करता करता बाहेरून म्हणत, "नऊ औटं?" आणि थांबत. मग स्वयंपाकघरातून, कुकरच्या शिट्टीवर आवाज चढवून उत्तर येई, "साडेएकतीस!" पहिली अर्धी ओळ त्यांची, उरलेली तिची. दोघांचं भांडण होऊन अबोला असला तरी यात खंड पडत नसे, कारण पाढा म्हणणं म्हणजे काही बोलणं नव्हे, असा दोघांनी सोयीस्कर निकाल देऊन टाकला होता. मी लहानपणी कित्येक दुपारी त्या घरात काढल्या, पण औटकीतलं उत्तर आतोबांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

रिटायरमेंट जवळ आली तसा मात्र खरा वाद सुरू झाला. आतोबा दोन वर्षांसाठी म्हणून दिल्लीत आले होते आणि उभी नोकरी इथेच झाली. आता क्वार्टर सोडायचं होतं. पुण्याला त्यांच्या थोरल्या भावाने आपल्याच इमारतीत त्यांच्यासाठी एक फ्लॅट बघून ठेवला होता आणि आतोबा मनाने तिथे राहायला गेलेसुद्धा होते. आत्याला पुणं म्हणजे लग्नकार्याला जाऊन यायचं गाव. तिचं भजनी मंडळ इथे, मैत्रिणी इथे, भाजीवाल्याशी रोजची हुज्जत इथे. "तिथे जानेवारीत मटार सोलायला ऊन कुठाय?" हा तिचा बिनतोड सवाल होता. मुलगा बंगलोरला, त्याला दोन्ही सारखीच, म्हणून तो फोनवर दोघांनाही "बिल्कुल बरोबर आहे" म्हणायचा.

अशा वेळी टीव्हीवाल्यांचा फोन आला. शब्द आणि आकड्यांचा एक हिंदी कार्यक्रम तेव्हा फार चालायचा. दिलेल्या अक्षरांतून शब्द बनवायचा, दिलेल्या आकड्यांतून एक मोठी संख्या गाठायची. आतोबांनी कधीकाळी नाव पाठवलं होतं, ते लागलं. ते आनंदाने आत्याला म्हणाले, "अगं, ठरलं. मी जिंकलो तर पुणं, हरलो तर दिल्ली. आहे कबूल?" मला वाटलं आत्या भडकेल. तिने शांतपणे पोळी उलटली आणि म्हणाली, "कबूल. कॅमेऱ्यासमोर तुमची दातखीळ बसणार आहे, लिहून घ्या." दोघंही आपणच जिंकणार या खात्रीने दुसऱ्या दिवशी एकमेकांशी इतकी गोड बोलू लागली की मला काळजीच वाटली.

शूटिंग नोएडाच्या स्टुडिओत होतं. आत्या आणि मी प्रेक्षकांत पहिल्या रांगेत. सुरुवातीलाच चमकदार कोट घातलेल्या सूत्रधाराने सगळ्यांना बजावलं, "ऑडियन्स में से किसी ने जवाब बताया, तो वह राउंड सामने वाले का." आतोबांच्या समोर रोहतकचे एक वकील होते, मिशीला पीळ दिलेले. शब्दांच्या फेरीत आतोबांची जरा गफलत झाली. हाती आलेल्या अक्षरांतून त्यांनी झोकात 'शिकरण' बनवलं. शब्दकोशात ते नाही म्हटल्यावर ते सूत्रधारालाच समजावू लागले, "केला लीजिए, दूध लीजिए, थोड़ी चीनी..." सूत्रधार म्हणाला, "अंकलजी, चीज़ बढ़िया है, पर नंबर नहीं मिलेंगे." आत्या माझ्या कानात म्हणाली, "बघ, मी म्हणत नव्हते?" तिचा चेहरा खुलला होता. पण आकड्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि आतोबांनी वकीलसाहेबांना असं काही धरलं की त्यांच्या मिशीचा पीळ सुटला. शेवटच्या फेरीला दोघं बरोबरीत आले. आत्या शालीचं टोक पिळत बसली होती.

शेवटचे आकडे फळ्यावर आले: दोन, तीन, सात, आठ, दहा, सोळा. गाठायचे पाचशे अडुसष्ट. घड्याळ टिकटिकायला लागलं. वकील कागदावर झुकले. आतोबांनी कागदाला हातसुद्धा लावला नाही. त्यांनी फळ्याकडे बघितलं, आणि घरी असल्यासारखे मोठ्याने पुटपुटले, "सात भागिले दोन, औट. सोळा औटं?"

आणि थांबले. मला वाटलं, झालं, दातखीळ बसली. पण मी नीट बघितलं तर ते अगदी निवांत होते. मान किंचित डावीकडे वळवून ते वाट बघत होते. घरी त्यांच्या खुर्चीच्या डाव्या हाताला स्वयंपाकघराचं दार होतं. काटा पुढे सरकत होता, वकील भराभर खरडत होते, आणि आतोबा आपले वाट बघताहेत. माझ्या शेजारी आत्याने ओठ घट्ट मिटले होते. तिला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसली की दिल्ली तिची होती, मैत्रिणी तिच्या, जानेवारीतलं ऊन तिचं.

"छप्पन्न!" कुकरच्या शिट्टीवर चढवायच्या आवाजात आत्या ओरडली.

"छप्पन्न दाहे पाचशे साठ, आणि आठ, पाचशे अडुसष्ट!" आतोबांनी बटणावर हात मारला आणि आपण काही विशेष केलंय असा आवही न आणता उभे राहिले. उत्तर एकोणपन्नाससारखं असतं तर त्या स्टुडिओत कोणाच्या बापाला कळलं नसतं. पण छप्पन्न म्हणजे हिंदीतही छप्पनच, ते कोणाला कळायचं राहतं? वकीलसाहेब टाळी वाजवून उठले, "ऑब्जेक्शन!" सूत्रधाराने हात जोडले. राउंड गेला आणि खेळही गेला. मग सूत्रधार आत्याजवळ माइक घेऊन आला, "आंटीजी, आप इनको जिताना चाहती थीं?" आत्या लाल झाली. माइकवर हात ठेवून मला म्हणाली, "मी कुठे चाहती होते? मी तर मनात हरा, हरा म्हणत होते!" आणि मग तिला रडूच फुटलं.

तिथून आम्ही कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या राज्याच्या अतिथिगृहात जेवायला गेलो. सुखदुःखाच्या प्रसंगी साबुदाणा वडा खायचा तर तिथेच, असा त्या दोघांचा नेम होता. आणि त्या टेबलावर मी आयुष्यातलं सर्वांत उलटं भांडण ऐकलं. आत्या म्हणत होती, "जिंकलाच होता तुम्ही. माझ्या तोंडाने घात केला. चलो, जाऊ पुण्याला. सामान मी बांधते." आतोबा म्हणत होते, "डाव म्हणजे डाव. हरलो ते हरलो. दिल्ली." "मी सांगते ना, पुणं!" "आणि मी सांगतो, दिल्ली!" वाढप्याने दोनदा येऊन वडे गार होताहेत याची आठवण करून दिली.

आत्या हात धुवायला गेली तेव्हा मी विचारलं, "आतोबा, खरं सांगा. सोळा औटं किती ते तुम्हाला येत नव्हतं?"

"येत होतं गं," ते म्हणाले. "पण ती ओळ माझी नाही." मग वड्याचा तुकडा चटणीत घोळवत म्हणाले, "दादाने बघितलेल्या फ्लॅटचं स्वयंपाकघर पार मागे आहे. बाहेरच्या खोलीत काही म्हटलेलं आत ऐकू जायचं नाही. हे माझ्या आधी लक्षातच आलं नव्हतं."

त्यांनी दिल्लीला लागूनच नोएडात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. बघायला गेले तेव्हा बिल्डरचा माणूस पार्किंग दाखवत होता, लिफ्ट दाखवत होता, आतोबा बाहेरच्या खोलीत उभे राहून "बारा औटं?" म्हणाले, आणि आतून "बेचाळीस!" स्वच्छ ऐकू आल्यावर लगेच हो म्हणाले. कार्यक्रम टीव्हीवर दिसला त्यानंतर तिथला भाजीवाला आत्याला "छप्पनवाली आंटी" म्हणू लागला, आणि आतोबा गॅलरीत बसून उत्तर प्रदेशच्या गाड्यांचे शंभर करू लागले. या गाड्या दिल्लीच्या गाड्यांपेक्षा अवघड असतात असं त्यांचं मत होतं.

दोन हिवाळ्यांपूर्वी आतोबा गेले. भाऊबंदांनी आत्याला पुण्याला चल म्हणून खूप आग्रह केला, पण ती इथेच राहिली. परवा मी गेले तेव्हा ती आत मटारची उसळ करत होती. बाहेर त्यांची खुर्ची रिकामी होती. त्यात बसायचं धाडस झालं नाही, पण शेजारी उभी राहून मी मोठ्याने म्हटलं, "सोळा औटं?"

आत कढईतला आवाज तेवढा येत राहिला. मग आत्या पदराला हात पुसत दारात आली. डोळे भरले होते, पण हसत होती.

"सोळा राहू दे," ती म्हणाली. "ते त्यांचं आहे. तू दुसरं कुठलंही विचार." आणि ती परत आत गेली.

मग मी म्हटलं, "सात औटं?"

"साडेचोवीस!" आतून उत्तर आलं, कुकरची शिट्टी होत नव्हती तरी आवाज चढवून.