बाईंना हवा होता तो लॅपटॉप

टायपिंगच्या बाईंना टाइप करताना हातांकडे बघताना मी कधीच पाहिलं नाही. त्या आमच्याकडे बघायच्या. समोर बारा मशिनी, त्यांच्यावर आम्ही बारा मुली. बाई स्वतःचं पत्र टाइप करता करता मान न वळवता म्हणायच्या, "सुषमा, करंगळी झोपली का?" आणि माझी करंगळी खरंच झोपलेली असायची.

जळगावात एका दुकानाच्या वर, लोखंडी जिना चढून गेलं की त्यांचा क्लास होता. नवीन मुलगी आली की पहिले पंधरा दिवस बाई तिच्या हातांवर पांढरा रुमाल पसरायच्या. रुमालाखाली बोटांनी आपापल्या कळा शोधायच्या. "डोळ्यांवर विसंबलीस तर बोटं आळशी होतात," असं त्यांचं म्हणणं. चुकलं तर ओरडायच्या नाहीत. मशिनीतला कागद काढून घ्यायच्या आणि नवा कागद लावून द्यायच्या. त्याचीच आम्हाला जास्त धास्ती वाटायची.

त्या शिकवणीवर मला धुळ्याला कचेरीत नोकरी लागली. पुढे मशिनी गेल्या, क्लास बंद झाला. बाईंनी लग्न केलं नव्हतं, त्या एकट्याच राहायच्या. माहेरी जळगावला गेले की मी त्यांच्याकडे चहाला जायचे. मूळच्या त्या चोपड्याच्या, पण आमच्याशी अगदी शुद्ध बोलायच्या. मन भरून आलं तरच गावची बोली तोंडातून निघायची.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा फोन आला. "मला लॅपटॉप घ्यायचाय. घरी बसून लिहायला. तुला त्यातलं कळतं, तू बरोबर चल."

"काय लिहिणार बाई?"

तेव्हा पहिल्यांदा त्यांनी ताराचं नाव घेतलं. तारा त्यांची धाकटी बहीण, एकोणिसाव्या वर्षी गेलेली. आईवडील गेले, भाऊ गेला. "तिला पाहिलेलं माणूस आता मी एकटीच उरले," बाई म्हणाल्या. "माले बठ्ठं याद शे. सगळं आठवतं मला. पण मी गेले की तारा होती हेसुद्धा कुणाला माहीत राहणार नाही."

जळगावातलं इरफानभाईंचं कॉम्प्युटरचं दुकान माझ्या ओळखीचं. तिथे पोचल्यावर बाईंनी काही विचारलं नाही. खुर्ची ओढून बसल्या, एकेक लॅपटॉप पुढ्यात घेतला, डोळे मिटले आणि बोटं कळांवर ठेवली. मला हसू आलं. म्हटलं, बाई अजून परीक्षाच घेताहेत. चौथ्या लॅपटॉपवर त्या थांबल्या. तो काळा, जाड आणि वजनाला चांगलाच होता. मधल्या ओळीतल्या दोन कळांवर बोटांच्या खुणेसाठी उंचवटे असतात, ते याच्यावर ठसठशीत होते. "हा बरा आहे," बाई म्हणाल्या. "दाबलं की कळतं."

मला तो आवडला नाही. मॉडेल जुनं, पडदा मिणमिणता. मी त्यांच्यासमोर चंदेरी, पातळ लॅपटॉप ठेवला. वजनाला हलका, पडदा लख्ख. कळा मात्र सपाट, एकमेकींना लागून. इरफानभाई हळूच म्हणाले, "ताई, बाईंच्या हाताला तो काळाच बरा वाटतोय. त्यांना तोच घेऊ द्या."

"इरफानभाई, पडून राहिलेला माल आमच्या बाईंच्या गळ्यात मारू नका," मी म्हणाले. तेही चारचौघांत.

त्यांनी काळा लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला. बाईंनी त्या सपाट कळांवरून एकदा हात फिरवला. "चालेल," म्हणाल्या. "तुला कळतं त्यातलं." दुकानाची पायरी उतरताना त्यांनी माझा दंड घट्ट धरला. गुडघे दुखत असतील, असं मी धरून चालले.

जुन्या मशिनीवरची मराठी अक्षरांची मांडणी मी लॅपटॉपमध्ये बसवून दिली आणि धुळ्याला परत आले. मग फोन करायचे. "जमतंय ना बाई?" "जमतंय." एकदा विचारलं, "कळा सापडतात ना?" त्या म्हणाल्या, "सापडतात. शोधाव्या लागतात." मी हसले. त्या हसल्या नाहीत, हे आता आठवतं.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. महिनाभराने त्यांच्या भावाची मुलगी वंदनाताई लॅपटॉप घेऊन धुळ्याला माझ्या घरी आली. म्हणाली, "आत्याला दिसेनासं झालं होतं. डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं. दुकानात तुझ्याबरोबर आली तेव्हाच तिला धूसर दिसत होतं. तू घाबरशील म्हणून बोलली नाही. हे तिने काय लिहिलंय बघ. मला काही अर्थ लागत नाही."

पहिली चार पानं व्यवस्थित होती. चोपड्याचं घर, केळीच्या बागेत लपाछपी, ताराचे दाट केस. पाचव्या पानापासून नुसती अक्षरांची रास. पानामागून पानं, त्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा यायचा: तसास. हा कुठला शब्द, ते कळेना. शेवटी मी टेबलावर बोटं ठेवून तो टाइप करून पाहिला. उजवा हात एक कळ बाजूला सरकला होता. 'र'च्या जागी काना पडत होता, कान्याच्या जागी 'स'. तसास म्हणजे तारा. सपाट कळांवर बाईंच्या बोटांना घर सापडलं नव्हतं, आणि पडदा कितीही लख्ख असला तरी त्यावर काय उमटतंय हे त्यांना दिसत नव्हतं. तशाच त्या एकवीस पानं लिहीत गेल्या होत्या.

मी ती पानं पुन्हा टाइप करायला घेतली. अक्षर अक्षर मागे सरकवत. तीन महिने लागले. तारा उभी राहत गेली. शिट्टी वाजवायची. चिंचा मिठात बुडवून खायची. आजारपणात तिला एसटीने जळगावला आणलं तेव्हा बाईंच्या मांडीवर तिचं डोकं होतं. "वाटेत ताराने डोळे उघडले आणि मला म्हणाली," इथवर वाचता येतं. त्यापुढच्या पानावर दोन्ही हात सरकलेत, कधी इकडे, कधी तिकडे. ते पान काही केल्या लागत नाही.

वंदनाताईला छापील प्रत दिली तेव्हा तिने विचारलं, "ताराआत्या काय म्हणाली मग?"

ते पान लागत नाही म्हणाले, आणि मग तिला काळ्या लॅपटॉपचं सगळं सांगितलं. इरफानभाईंना मी काय बोलले तेही. ती छापील प्रत चाळत राहिली. मग म्हणाली, "आत्याने मला एवढंच सांगितलं होतं, लॅपटॉप सुषमाने निवडून दिला म्हणून. कौतुकाने सांगत होती."

तिने दोष दिला असता तर बरं झालं असतं.

तो लॅपटॉप माझ्याकडेच आहे. कचेरीतून आले की ते पान उघडते. हात एक घर डावीकडे नेते, दोन घरं उजवीकडे नेते. परवा एक शब्द लागला. 'उघड'. बसची खिडकी, की डब्याचं झाकण, की आणखी काही, कोण जाणे. त्याच्या पुढचं अक्षर अजून लागलेलं नाही.