बंबातली हिरवी ज्योत

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला सरांनी तांब्याची तार एका द्रवात बुडवून बर्नरवर धरली आणि ज्योत हिरवी झाली. सगळ्यांनी वहीत लिहिलं, क्लोरीन आहे. मला मात्र घरची आठवण झाली आणि सडकून भूक लागली, कारण आमच्या चाळीत हिरवी ज्योत दिसली की आंघोळ आणि आंघोळीनंतर गरम घावणे हे ठरलेलं असायचं.

चिंचपोकळीला स्टेशनच्या बाजूला आमची चाळ होती. गॅलरीच्या टोकाला तांब्याचा बंब, मध्ये विस्तवाचं नळकांडं, भोवती पाणी. इतर बिऱ्हाडं नारळाची सोडणं जाळायची. आमच्याकडे सोडणांवर वायरी पडायच्या. बाबा विजेच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात होते आणि तिथले टाकाऊ तुकडे पिशवीतून आणायचे. प्लॅस्टिक चाकूने सोलत बसण्यापेक्षा बंबात टाकलं की पाणीही तापतं आणि तांबंही मोकळं होतं, ही त्यांची युक्ती. तिचा त्यांना इतका अभिमान होता की पाहुण्यांनाही दाखवायचे. पेटवायचं काम आईचं आणि थंड झालेल्या राखेतून तारा वेचायचं माझं. ते तांबं साठवून, मोडीत घालून आईने एक कळशी घेतली होती. गौरीच्या दिवसांत ती अशी घासायची की तिच्यात तोंड दिसावं.

सकाळी बाबा चहाचा कप घेऊन बंबाशेजारी उकिडवे बसायचे. धूर डोळ्यांत गेला की तोंड फिरवायचे, पण उठायचे नाहीत. मी त्यांच्या पाठीला टेकून हिरवी ज्योत बघायची. त्यांच्या सदऱ्याला बिडीचा, वॉर्निशचा आणि जळक्या वायरीचा मिळून एक वास यायचा. इतका सुरक्षित वास मला पुन्हा कुठे मिळाला नाही.

आता मी ज्या प्रयोगशाळेत आहे, तिथे भट्ट्यांची राख आणि चिमण्यांचा धूर तपासायला येतो. वायरीच्या प्लॅस्टिकमध्ये क्लोरीन असतं. ते अर्धवट जळलं की धुरात क्लोरीन लागलेली कार्बनची छोटी छोटी कडी तयार होतात. भडकत्या जाळात ती मोडूनही जातात. खरा घोटाळा होतो तो धूर निवताना. तशी दोन कडी ऑक्सिजनच्या आधाराने एकमेकांना जोडली जातात आणि डायॉक्सिन नावाचं विष तयार होतं, जे एकदा शरीराच्या चरबीत शिरलं की वर्षानुवर्षं हलत नाही. तांबं जवळ असलं की ही जुळणी फार झपाट्याने होते. वायरीचं प्लॅस्टिक, तांब्याची तार, तांब्याचाच बंब, आणि धूर निवतो त्या उंचीवर माणसाचं नाक. एवढी चोख मांडणी मी मुद्दाम करायला बसले असते तरी जमली नसती.

हे सगळं मी आईला सांगितलं. बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. आम्ही दोघी चाळीच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये, चौदाव्या मजल्यावर राहायला आलो होतो. ती कुळीथ निवडत होती. "तू ऑफिसात नेमका करतंस काय गो?" असं तिने सहज विचारलं. मला नको तिथे शहाणपण सुचलं. तिला समजावं म्हणून मी उदाहरण घेतलं ते आमच्या बंबाचं. हातवारे करून, अगदी रंगात येऊन सांगितलं.

तिचे हात थांबले. "म्हणजे ह्यांका तो धूर मियांच दिलंय?"

बाबा कॅन्सरने गेले होते.

मी घाईघाईने सारवासारव केली. एका माणसाच्या आजाराचं बोट असं एका धुराकडे दाखवता येत नाही, बाबा बिड्या ओढायचे, कारखान्यात वॉर्निशच्या वाफा होत्या. यातलं काहीही खोटं नव्हतं. तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा कुळीथ निवडायला लागली. विषय संपला असं मी समजले, इतकी मी हुशार.

पुढच्या जानेवारीत तापामुळे मी घरी होते. आई आंघोळ करून आली आणि कपाळाला हात लावून बघायला लागली. तो हात बर्फासारखा होता. बाथरूममध्ये जाऊन पाहिलं तर आरसा स्वच्छ, वाफेचा टिपूस नाही. गीझरच्या बटणावर धूळ होती.

"गार पाण्याने आंघोळ करतेस? कधीपासून?"

"तू तां बंबाचा सांगितलंस, तेव्हापासून. सवय झाली माका."

मी तिच्यावर ओरडले. वय काय, थंडी काय, हा कसला हट्ट. ओरडता ओरडता रडायला आलं, कारण हट्ट तिचा नव्हताच. ती शिक्षा भोगत होती आणि ती सुनावली होती मी. त्या दुपारचे माझे शब्द परत घेता आले असते तर माझी पदवी मी खुशाल मोडीत घातली असती.

दुसऱ्या दिवशी मी गॅसवर मोठं पातेलं ठेवलं, कळशी भरली आणि तिला हाताला धरून पाटावर बसवलं. ती नको नको म्हणत राहिली. पहिला तांब्या पाठीवर ओतला तेव्हा तिने खांदे आखडून घेतले. दुसऱ्याला ते सैल सोडले.

"ह्या पाण्याक वास नाय," ती म्हणाली.

"नसणारच. गॅसवर तापवलंय."

"ते गेले, वास पण गेलो."

त्या वासाचा धूर कुठे दिसला तर तो बंद करायला लावणं हे माझं काम आहे. आणि मी तिथे उभी राहून वाफेत खोल श्वास घेत होते, तो वास कुठे उरलाय का ते शोधत. बाबांच्या पाठीला टेकून बसलेली मी मला परत हवी होते. आईला काय हवं होतं ते मी विचारलं नाही.

कळशीत पाणी संपत आलं होतं. मी तांब्या खाली ठेवला.

"आजून एक घाल," आई म्हणाली.